‘स्लँडर’ : बोललेला शब्द, लिहिलेला शब्द आणि अर्थनिर्णयाचा इतिहास

१

मराठी समीक्षाव्यवहारात ‘स्लँडर’ हा इंग्रजी शब्द येतो तो बहुधा शेक्सपिअरच्या नाटकांच्या संदर्भात, आणि ‘निंदा’ किंवा ‘बदनामी’ असे त्याचे भाषांतर करून पुढे जाण्याचा प्रघात आहे. या भाषांतरात त्या शब्दाचा व्यवच्छेदक विशेषच हरवतो. इंग्रजी कायद्याच्या परिभाषेत ‘स्लँडर’ म्हणजे बोललेल्या शब्दांनी केलेली बदनामी होय. तीच बदनामी लिहिलेल्या, छापलेल्या किंवा अन्य टिकाऊ रूपात अवतरली, की तिचे नाव ‘लायबल’. हा भेद केवळ नावाचा नाही. लायबलच्या दाव्यात हानी झाल्याचे कायदा परंपरेने गृहीत धरीत आला. स्लँडरच्या दाव्यात मात्र, काही अपवाद वगळता, बोललेल्या शब्दांमुळे आपले नेमके कोणते भौतिक नुकसान झाले हे फिर्यादीने सिद्ध करावे लागते. या नुकसानीला ‘विशेष हानी’ अशी संज्ञा आहे. एकच वाक्य चारचौघांत उच्चारले तर निरुपद्रवी आणि चिठ्ठीत लिहिले तर दाव्यास पात्र, अशी ही स्थिती आहे.

बोल हवेत विरतात आणि अक्षर टिकते, या सर्वमान्य समजुतीमुळे हा भेद स्वाभाविक वाटतो. इतिहास वेगळे सांगतो. भाषेच्या स्वरूपाविषयीच्या चिंतनातून हा भेद निघालेला नाही. न्यायालयांच्या अधिकारक्षेत्राच्या वाटणीतून आणि छापील मजकुराच्या धास्तीतून तो घडला. त्याची किंमत मोजावी लागली ती ज्यांचे सारे सामाजिक अस्तित्व बोलण्याऐकण्याच्या व्यवहारात सामावलेले होते अशा लोकांना, आणि त्यांतही विशेषेकरून स्त्रियांना. साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या इतिहासाला आणखी एक महत्त्व आहे. शब्दाचा अर्थ कोणी ठरवायचा, तो कशावरून ठरवायचा आणि संदर्भाला किती अधिकार द्यायचा, हे प्रश्न समीक्षाशास्त्राने हाती घेण्यापूर्वी कितीतरी आधी स्लँडरच्या खटल्यांतून ऐरणीवर आले होते.

२

‘स्लँडर’ आणि ‘स्कँडल’ हे शब्द सख्खे भाऊ आहेत. दोहोंचे मूळ ग्रीक ‘स्कांदालोन’ या शब्दात आहे. सापळ्याची कळ, आणि त्यावरून ज्याला ठेचाळून माणूस पडतो तो अडथळा, असा त्याचा अर्थ. बायबलच्या ग्रीक संहितेत तो श्रद्धेच्या मार्गावरील धोंडा या अर्थाने येतो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील ‘अडखळण’ हा शब्द त्याच्या मूळ अर्थाशी इमान राखतो. लॅटिनमध्ये ‘स्कांदालुम’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्क्लांद्र’ आणि मध्ययुगीन इंग्रजीत ‘स्क्लॉंद्र’ अशी वाट चालत तो १३००च्या सुमारास इंग्रजीत आला. ‘स्कँडल’ हे त्याच मुळाचे नंतर नव्याने उसने घेतलेले रूप होय.

आरंभी या शब्दाचा उच्चाराशी किंवा असत्याशी काही अनिवार्य संबंध नव्हता. चॉसरच्या ‘क्लर्क्स टेल’मध्ये वॉल्टर या सरदाराची ‘स्क्लॉंद्र’ दूरवर पसरते ती त्याच्या स्वतःच्या करणीमुळे. तेथे त्या शब्दाचा अर्थ ‘दुष्कीर्ती’ एवढाच आहे. कोणी खोटा आळ घेतल्याचे त्यात अभिप्रेत नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या विक्लिफप्रणीत बायबलात तर हा शब्द क्रियापद होऊन ‘ठेच लागण्यास कारण होणे’ या मूळ अर्थाने येतो, आणि तेथे माणसाचा स्वतःचा डोळाही त्याला ‘स्लँडर’ करू शकतो.

सोळाव्या शतकापर्यंत हा अर्थ मावळला होता. त्याच वचनाचे भाषांतर करताना टिंडेलने ‘ऑफेंड’ हे क्रियापद वापरले. १५८२च्या ऱ्हीम्स येथील कॅथलिक भाषांतराने ‘स्कँडलाइझ’ पसंत केले. १६११च्या राजमान्य आवृत्तीने ‘ऑफेंड’च कायम ठेवले. ‘स्लँडर’ शब्द मात्र बायबलातून गेला नाही, त्याने केवळ जागा बदलली. १६११च्या आवृत्तीत तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रियांनी ‘स्लँडरर’ असू नये असा उपदेश येतो, आणि तेथे मूळ ग्रीक शब्द आहे ‘दियाबोलोस’, म्हणजे आळ घेणारा. सैतानवाचक इंग्रजी ‘डेव्हिल’ याच शब्दापासून झाला. ज्या शब्दाने पूर्वी वाटेतला दगड दाखविला जात होता, तो आता दगड फेकणाऱ्याच्या जिभेवर जाऊन बसला. वस्तूकडून वाणीकडे झालेले हे स्थलांतर त्या शब्दाच्या इतिहासातील पहिले मोठे वळण होय. हा उपदेश स्त्रियांना केलेला आहे, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कायद्यात या शब्दाचा प्रवेश झाला तो राजकारणाच्या दाराने. १२७५च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने राजा आणि प्रजा किंवा राजा आणि सरदार यांच्यात वितुष्ट आणणाऱ्या खोट्या वार्ता पसरविण्यास मनाई केली. त्याच्या फ्रेंच संहितेत ‘एस्क्लांद्र’ हाच शब्द आहे. ‘स्कांदालुम माग्नातुम’, म्हणजे थोरामोठ्यांची बदनामी, या नावाने ओळखले जाणारे हे कलम १३७८मध्ये विस्तारले गेले आणि १८८७पर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिले. सामान्य माणसाच्या अब्रूची दखल राजाच्या न्यायालयांनी घेण्यापूर्वी सुमारे अडीच शतके सरदारांच्या अब्रूला हे संरक्षण मिळालेले होते.

३

सामान्यांच्या अब्रूचा प्रश्न मध्ययुगात मुख्यतः चर्चच्या न्यायालयांकडे होता. १२२२मध्ये ऑक्सफर्ड येथे भरलेल्या धर्मसभेने, लौकिक चांगला असलेल्या व्यक्तीवर द्वेषबुद्धीने अपराधाचा आरोप करणाऱ्यास बहिष्कृत करण्याचा नियम केला. या न्यायालयांत पैशाची भरपाई मिळत नसे. दोषी ठरलेल्याने पांढरे वस्त्र पांघरून चर्चमध्ये उभे राहावे आणि ज्याची निंदा केली त्याची सर्वांसमक्ष क्षमा मागावी, असे प्रायश्चित्ताचे स्वरूप असे. शब्दाने झालेली इजा शब्दानेच, आणि त्याच श्रोतृसमुदायापुढे, भरून काढण्याची ही कल्पना होती. पुढच्या कायद्याला ती पुन्हा कधी गवसली नाही.

सोळाव्या शतकाच्या प्रारंभापासून राजाची, म्हणजे ‘कॉमन लॉ’ची, न्यायालये बोललेल्या शब्दांबद्दलचे दावे घेऊ लागली, आणि अधिकारक्षेत्राची वाटणी अपरिहार्य झाली. चोरी, खून यांसारख्या ऐहिक अपराधाचा आरोप असेल तर तो दावा राजाच्या न्यायालयाचा. व्यभिचारासारख्या पापाचा आरोप असेल तर चर्चचा. त्यातून कालांतराने स्लँडरचे ते प्रसिद्ध अपवाद आकारास आले. दंडनीय अपराधाचा आरोप, संसर्गजन्य किळसवाण्या रोगाचा आरोप आणि धंद्यात वा पेशात नालायक असल्याचा आरोप, एवढ्या तीन बाबतींत विशेष हानी दाखविण्याची गरज नव्हती. बाकी सर्व बोलण्याच्या बाबतीत होती.

या तीन अपवादांकडे पाहिले की त्यांमागचा माणूस दिसतो. तो फाशीच्या भयात जगणारा, माणसांत ऊठबस असणारा आणि धंदा चालविणारा पुरुष आहे. स्त्रीला जी शिवी सर्वांत जिव्हारी लागे, ‘वेश्या’ हा जो शब्द तिला घरातून आणि वस्तीतून उठवू शके, तो या यादीत नाही. लंडन शहरात स्थानिक रूढीमुळे त्या शब्दावर दावा लावता येई. एरवी तो चर्चचा विषय राहिला. मग स्त्रिया तिकडे वळल्या. जे. ए. शार्प यांनी यॉर्क येथील आणि लॉरा गोइंग यांनी ‘डोमेस्टिक डेंजर्स’ (१९९६) या ग्रंथात लंडन येथील धर्मन्यायालयांच्या दप्तरांचा अभ्यास करून हे चित्र उभे केले आहे. लंडनमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळी लैंगिक बदनामीच्या खटल्यांत फिर्यादी म्हणून स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक होते. विहिरीवर, उंबरठ्यावर, बाजारात उच्चारलेले शब्द साक्षीदारांच्या तोंडून तेथे नोंदले गेले. ज्यांनी स्वतः काहीच लिहून ठेवले नाही, त्या स्त्रियांचे बोलणे आज उपलब्ध आहे ते या खटल्यांमुळे.

राजाच्या न्यायालयात जायचे तर स्त्रीला आपली अब्रू पैशाच्या भाषेत मांडावी लागे. १५९३च्या अ‍ॅन डेव्हिसच्या खटल्यात आरोपामुळे ठरत आलेले लग्न मोडले, आणि हे नुकसान ऐहिक असल्यामुळे दावा चालू शकला. लग्न मोडले नसते, तर त्याच शब्दांना त्या न्यायालयाच्या लेखी वजन नव्हते.

४

दावे वाढू लागले तसे न्यायाधीश कंटाळले, आणि त्यांनी अर्थनिर्णयाचे एक तत्त्व पुढे केले. त्याचे लॅटिन नाव ‘मितिओर सेन्सुस’, म्हणजे सौम्यतर अर्थ. बोललेल्या शब्दांचे दोन अर्थ संभवत असतील तर त्यांतला निरुपद्रवी अर्थ स्वीकारावा, असे हे तत्त्व आहे. त्याचे टोक १६०७च्या होल्ट विरुद्ध अ‍ॅस्ट्रिग या खटल्यात पाहावयास मिळते. सर टॉमस होल्ट याने आपल्या स्वयंपाक्याच्या डोक्यात सुरा घालून ते असे दुभंगले की एक भाग एका खांद्यावर आणि दुसरा दुसऱ्या खांद्यावर पडला, असे प्रतिवादीने म्हटले होते. हा खुनाचा आरोप ठरत नाही, कारण स्वयंपाकी मेला असे बोलणाऱ्याने म्हटलेले नाही, असा निर्णय झाला. १६०२च्या बारहॅमच्या खटल्यात ‘बारहॅमने माझे कोठार जाळले’ या शब्दांची छाननी झाली. धान्याने भरलेले कोठार जाळणे हा घोर अपराध, पण रिकामे कोठार जाळणे तसा नाही. आणि कोठार भरलेले होते हे तर बोलणाऱ्याने सांगितले नव्हते.

असे निर्णय आज हास्यास्पद वाटतात, परंतु त्यांच्यामागे एक सुसंगत भाषादृष्टी होती. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर न्यायालय अभिधेखेरीज अन्य कोणत्याही शक्तीला मान्यता देत नव्हते, आणि अभिधेलाही तिच्या किमान अर्थापाशी अडवून धरीत होते. फिर्यादीच्या वकिलाला याउलट व्यंजनेचा आधार हवा असे. त्यासाठी वादपत्रात तीन अंगे रूढ झाली. शब्द ज्या परिस्थितीत उच्चारले गेले तिचे कथन म्हणजे ‘इंड्यूसमेंट’. बोलणे फिर्यादीविषयीच चालले होते हे दाखविणारे कथन म्हणजे ‘कलोक्वियम’. आणि प्रत्येक संदिग्ध शब्दापुढे ‘म्हणजे अमुक’ असे सांगणारी पुरवणी म्हणजे ‘इन्यूएंडो’. हा शेवटचा शब्द ‘मान डोलावून सुचविणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचे रूप आहे. लॅटिनमधील वादपत्रात तो ‘अर्थात’ किंवा ‘म्हणजे’ एवढ्याच तांत्रिक अर्थाने येई. आज साहित्यसमीक्षेत सूचक टोमण्याला वापरला जाणारा ‘इन्यूएंडो’ हा शब्द मुळात स्लँडरच्या वादपत्रातला भाष्यकाराचा शब्द होता. मूळ उक्तीपेक्षा त्या उक्तीचे स्पष्टीकरण दर्शविण्यासाठी तो योजला जाई. टीकेचे नाव पुढे मूळ संहितेला चिकटले.

संदर्भ, निर्देश आणि अर्थ यांचे असे त्रिविध पृथक्करण करूनही न्यायालयाने एक मर्यादा घातली होती : इन्यूएंडोने शब्दांचा अर्थ उलगडावा, वाढवू नये. बारहॅमच्या दाव्यात ‘धान्याने भरलेले’ हे विशेषण पुरवणीतून आणण्याचा प्रयत्न नेमका याच कारणाने फसला. शब्दांत जे नाही ते भाष्याने घालता येत नाही, हा नियम समीक्षकाला परिचित वाटावा असाच आहे. वेल्श भाषेत उच्चारलेल्या शब्दांबद्दल दावा असेल, तर ऐकणाऱ्यांना ती भाषा कळत होती असे स्पष्ट म्हणणे आवश्यक ठरे. न समजलेली निंदा ही निंदाच नव्हे. श्रोत्याच्या आकलनावाचून शब्दाला परिणाम नाही.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सौम्यतर अर्थाचे तत्त्व ढासळू लागले, आणि ‘सामान्य ऐकणाऱ्याने या शब्दांवरून काय समजावे’ हा निकष त्याच्या जागी आला. शब्दाच्या संभाव्य अर्थांकडून श्रोत्याच्या अपेक्षित आकलनाकडे झालेले हे संक्रमण म्हणजे, पुढच्या काळातील वाचककेंद्री सिद्धान्तांची भाषा न वापरता, त्यांच्याच प्रश्नाला दिलेले एक व्यवहारी उत्तर होते.

५

न्यायालय सौम्य अर्थाचा आग्रह धरीत असतानाच रंगभूमीवर त्याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली जात होती. एम. लिंडसे कॅप्लन यांनी ‘द कल्चर ऑफ स्लँडर इन अर्ली मॉडर्न इंग्लंड’ (१९९७) या ग्रंथात कवी आणि निंदक यांच्यातील सीमारेषा त्या काळी किती धूसर होती हे दाखविले आहे. स्पेन्सरच्या ‘फेअरी क्वीन’च्या १५९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या भागांत ‘स्क्लॉंडर’ नावाची एक ओंगळ म्हातारी येते. पुढे मर्सिला राणीच्या दरबाराच्या दाराशी एक कवी दिसतो, आणि राणीची निंदा केल्याबद्दल त्याची जीभ खांबाला खिळलेली असते. त्याचे ‘बाँफाँ’ हे नाव खोडून ‘मालफाँ’ असे लिहिलेले आहे. शिक्षा जिभेला झाली आहे, पण तिची नोंद अक्षरांत केलेली आहे.

१६००मध्ये छापल्या गेलेल्या ‘मच अडू अबाउट नथिंग’ या नाटकात विवाहवेदीपाशी हीरोवर जो आळ येतो, तो अ‍ॅन डेव्हिसच्या खटल्यासारखाच लग्न मोडणारा आळ आहे. पण हीरो न्यायालयात जात नाही, ती मेल्याची हूल उठवली जाते. बोललेल्या शब्दाने स्त्रीचे सामाजिक मरण ओढवते, हे सत्य येथे रूपकाच्या रूपाने न येता कथानकाचा भाग होऊन येते. नाटकाच्या अखेरीस क्लॉडिओ तिच्या थडग्यापाशी एक लेख वाचतो आणि तो तेथे टांगतो. बोलण्याने केलेला घाव लिखिताने भरून काढण्याचा हा विधी आहे. धर्मन्यायालयाच्या प्रायश्चित्ताची आठवण करून देणारा, आणि तरीही त्याहून वेगळा.

‘ऑथेल्लो’त शेक्सपिअर आणखी पुढे जातो. इयागोच्या आरंभीच्या बोलण्यात दाव्यास पात्र ठरेल असे एकही विधान सापडत नाही. तो थबकतो, ऑथेल्लोचाच शब्द परत उच्चारतो, वाक्य अर्धे सोडतो. सौम्यतर अर्थाचे तत्त्व लावले तर तो निर्दोष ठरेल. न्यायालयाने इन्यूएंडोला घातलेली मर्यादा श्रोता पाळीत नाही, आणि जे शब्दांत नाही ते स्वतःच्या मनाने भरतो. नेमके हेच इयागोला ठाऊक आहे. डेस्डिमोनाला तिचा नवरा जो शब्द लावतो, तो कॉमन लॉच्या यादीत नसलेला तोच शब्द आहे.

६

आतापर्यंतच्या इतिहासात ‘बोललेले’ आणि ‘लिहिलेले’ हा भेद कोठेच निर्णायक नव्हता. चर्च काय किंवा कॉमन लॉ काय, अब्रूवरील आघात कोणत्या माध्यमातून झाला हे पाहत नसत. भेद आला तो स्टार चेंबर या राजकीय न्यायालयामुळे. छापखान्याच्या आगमनानंतर सत्तेला भय वाटू लागले ते पत्रकांचे आणि विडंबनकवनांचे. १६०५च्या ‘दे लिबेलिस फामोसिस’ या खटल्यात आर्चबिशपांची निंदा करणाऱ्या पद्याचा प्रश्न होता. कोक याने त्याचा जो वृत्तान्त दिला त्यातून लायबल हा गुन्हा म्हणून प्रतिष्ठित झाला. सत्यता हा बचाव होऊ शकत नाही, कारण प्रश्न शांतताभंगाचा आहे, असे तेथे ठरले. ‘लायबल’ हा शब्द ‘लिबेलुस’ म्हणजे ‘लहान पुस्तक’ यावरून आलेला असला, तरी निंदाव्यंजक पद्य लोकांसमोर म्हणणे किंवा गाणे, तसेच चित्र वा चिन्ह लावणे, हेही कोकच्या विवेचनात लायबलच ठरते. प्रत्यक्षातही ही कवने लिहिता न येणारी माणसे रचीत, कोणाकडून तरी उतरवून घेत, दारावर डकवीत आणि गुत्त्यात गात. कंठ आणि कागद यांच्यात सतत येजा होती.

१६४१मध्ये स्टार चेंबर रद्द झाले आणि त्याचा वारसा कॉमन लॉच्या न्यायालयांकडे आला. आता एकाच न्यायालयात दोन परंपरा येऊन मिळाल्या : बोललेल्या शब्दांवरील दावे, ज्यांना अपवादांच्या यादीने जखडलेले होते, आणि लिखित निंदा, जिच्यावर तसले बंधन नव्हते. त्या एकजीव करण्याऐवजी त्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. किंग विरुद्ध लेक या खटल्यात मुख्य न्यायाधीश हेल यांनी, उच्चारल्यास दावा चालणार नाही अशा शब्दांवरही ते लिहून प्रसिद्ध केल्यास दावा चालेल, असे म्हटले. लिहिण्यात अधिक द्वेष दिसतो, असे कारण त्यासाठी देण्यात आले. १८१२मध्ये थॉर्ली विरुद्ध केरी या खटल्यात सर जेम्स मॅन्सफील्ड यांनी हा भेद कायम केला, पण अनिच्छेने. प्रश्न नव्याने उपस्थित झाला असता तर या भेदाला तात्त्विक आधार सापडला नसता, परंतु पूर्वनिर्णय मोडता येत नाहीत, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. ज्या भेदाला आज पाठ्यपुस्तके वाणी आणि लेखन यांच्या स्वभावधर्माचा आधार देतात, तो भेद कायम करणाऱ्यालाच त्यात तत्त्व दिसले नव्हते.

याचा परिणाम कोणावर झाला हे पुढील तारखांवरून कळते. १८५५मध्ये इंग्लंडमधील धर्मन्यायालयांचा बदनामीविषयक अधिकार काढून घेण्यात आला. स्त्रियांचे जुने दार बंद झाले आणि नवे उघडले गेले नाही. १८६१मध्ये लिंच विरुद्ध नाइट हा आयर्लंडमधील खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला. एका विवाहितेविषयी तिच्या नवऱ्याजवळ बोलले गेले होते, आणि नवऱ्याने तिला घराबाहेर काढले होते. तिचा दावा टिकला नाही. ही कायद्याची स्थिती रानटी असल्याचे लॉर्ड ब्रूम यांनी बोलून दाखविले, पण निर्णय बदलला नाही. व्यभिचाराच्या आरोपाबाबत विशेष हानी दाखविण्याची अट काढणारा ‘स्लँडर ऑफ विमेन’ कायदा १८९१मध्ये झाला. मधली ३६ वर्षे इंग्लंडमधील सामान्य स्त्रीला, हातात पैशाच्या नुकसानीचा पुरावा नसेल तर, आपल्या अब्रूसाठी जायला कोणतेही न्यायालय नव्हते.

विसाव्या शतकात नव्या माध्यमांनी या भेदाची कसोटी पाहिली. १९३४च्या युसुपॉव्ह खटल्यात बोलपटातील बदनामी लायबल ठरली. १९५२च्या कायद्याने रेडिओवरील शब्दांना आणि १९६८च्या रंगभूमीविषयक कायद्याने नाट्यप्रयोगातील शब्दांना लायबलचा दर्जा दिला. शेक्सपिअरच्या नटाने उच्चारलेला शब्द आता कायद्याच्या दृष्टीने ‘लिहिलेला’ झाला. याउलट २००८मध्ये न्या. इडी यांनी संगणकीय चर्चाफलकांवरील मजकुराचे साम्य गुत्त्यातील गप्पांशी असून तो लायबलपेक्षा स्लँडरला जवळचा आहे, असे निरीक्षण केले. लिहिलेला शब्द ‘बोललेला’ झाला. १९७५मध्ये फॉक्स समितीने हा भेद रद्द करण्याची शिफारस केली होती. २०१३च्या कायद्याने १८९१चा कायदा रद्द केला, परंतु भेद तसाच ठेवला.

७

इंग्रजी कायदा हिंदुस्थानात आला तेव्हा ‘स्लँडर’ हा शब्द मात्र दंडसंहितेच्या उंबरठ्याबाहेर राहिला. १ जानेवारी १८६२पासून अंमलात आलेल्या भारतीय दंड संहितेच्या ४९९व्या कलमाने बोललेले शब्द, वाचण्यासाठी योजलेले शब्द, खुणा आणि दृश्य चित्रणे यांना एकाच पंक्तीस बसविले. त्या कलमाखालील दाखले साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावेत असे आहेत. घड्याळाच्या चोरीचा एकच आळ तेथे तीन तऱ्हांनी घेतलेला आहे : एकदा ‘तो मोठा प्रामाणिक, त्याने घड्याळ कधीच चोरले नाही’ अशा उपरोधाने, एकदा चोर कोण असे विचारल्यावर बोट दाखवून, आणि एकदा घड्याळ घेऊन पळणाऱ्याचे चित्र काढून. बारहॅमच्या कोठाराला नाकारलेली व्यंजना येथे नियमातच सामावली.

तरीही शब्द गेला म्हणून त्याचा सांगाडा गेला असे नव्हे. त्याच कलमाच्या चौथ्या स्पष्टीकरणात अब्रू कशाने खालावते हे सांगताना नैतिक वा बौद्धिक चारित्र्य, पत, व्यवसाय आणि शरीराची किळसवाणी अवस्था यांचा उल्लेख येतो. धंदा आणि रोग हे स्लँडरचे जुने अपवादच येथे वेगळ्या वेशात आले आहेत. त्यांच्या जोडीला एक नवा शब्द आहे : ‘जात’. १ जुलै २०२४पासून दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमातही तो कायम आहे.

या भूमीवर वाणीच्या आघाताचा कायदेशीर विचार नवा नव्हता. स्मृतींनी ‘वाक्पारुष्य’ हे स्वतंत्र व्यवहारपद मानले. नारदाने त्याचे निष्ठुर, अश्लील आणि तीव्र असे प्रकार केले. याज्ञवल्क्याने व्यंगावरून किंवा रोगावरून केलेली हेटाळणी खरी असो, खोटी असो वा ‘अन्यथास्तोत्र’, म्हणजे उपरोधिक स्तुती, असो, ती दंडनीय ठरविली. घड्याळाच्या दाखल्यातील उपरोध या परंपरेला अपरिचित वाटला नसता. परंतु स्मृतींतील दंड वर्णानुसार चढउतरता होता, हे विसरून त्यांचा गौरव करता येणार नाही. अब्रूची उतरंड तेथेही होतीच.

दिवाणी दाव्यांत मात्र इंग्रजी भेद पूर्णपणे गेला नाही. मद्रास उच्च न्यायालयाने १८८४मध्ये पार्वती विरुद्ध मन्नार या खटल्यात, स्त्रीच्या चारित्र्यावरील तोंडी आरोपाला विशेष हानीच्या पुराव्याची अट लावण्याचे नाकारले. इंग्लंडमध्ये तसा कायदा व्हायला अजून ७ वर्षे होती. कलकत्ता उच्च न्यायालयाने १८९९मध्ये केवळ शिवीगाळीपुरती इंग्रजी अट मानली. मुंबई उच्च न्यायालयाने १९२६मध्ये हिराबाई विरुद्ध दिनशा या खटल्यात स्त्रीच्या शीलावरील आरोप विशेष हानीवाचून दाव्यास पात्र धरला. येथेही निर्णायक प्रसंग स्त्रीच्या अब्रूचेच होते. मराठी सार्वजनिक स्मृतीत ‘अब्रूनुकसानी’ म्हटले की टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस घालवायला लावणारा १८८२चा कोल्हापूर प्रकरणाचा खटला आठवतो. तो छापील शब्दाचा, संपादकांचा आणि पुरुषांचा इतिहास आहे. बोललेल्या शब्दाचा इतिहास त्याच्या सावलीत राहिला.

मराठी भाषेने स्वतः मात्र माध्यमाचा भेद कधी केला नाही. ‘अब्रू’ हा फारसी शब्द चेहऱ्यावरचे पाणी दाखवितो, ‘बदनामी’ नावाला लागलेला डाग दाखविते. निंदेचे प्रकार सांगताना मराठी विचारते ते कोणी, कोठे आणि कशासाठी : वरिष्ठाकडे नेलेली ती चहाडी, रिकामपणी जमून केलेली ती कुटाळकी, मुद्दाम पसरविलेल्या अफवेची ती कंडी, एकाला उद्देशून सर्वांत फेकलेला तो टोमणा, खोटा घेतलेला तो आळ. हे सगळे तोंडाचे व्यवहार आहेत, आणि त्यांतला एकही ‘केवळ बोलणे’ म्हणून क्षुल्लक मानलेला नाही.

८

पाश्चात्त्य तत्त्वचिंतनाने वाणीला अग्रस्थान देऊन लेखनाला दुय्यम मानले, हे देरिदा यांचे १९६७पासूनचे प्रतिपादन सुविख्यात आहे. स्लँडरचा इतिहास त्याच संस्कृतीतील एक प्रतिकूल साक्षीदार म्हणून उभा राहतो. येथे लेखन प्रबळ आणि वाणी दुर्बळ मानली गेली. परंतु त्यावरून उलट सिद्धान्त मांडणेही चुकीचे ठरेल. कारण या उतरंडीचा उगम तत्त्वचिंतनात नसून न्यायालयांच्या दप्तरांत होता, आणि माध्यम बदलले की ती सोयीनुसार उलटीसुलटी होत गेली.

ऑस्टिन यांनी १९५५च्या व्याख्यानांत उच्चारातच घडणारी कृती आणि उच्चारामुळे पुढे घडणारा परिणाम यांत भेद केला. स्लँडरच्या कायद्याने हाच भेद आधी केलेला होता : अपवादांच्या यादीतील शब्द उच्चारताच कृती पूर्ण होते, अन्य शब्दांचा परिणाम मात्र सिद्ध करावा लागतो. या साम्यात महत्त्वाचे आहे ते कोणत्या शब्दाला कोणत्या रकान्यात टाकावे याचा निर्णय. तो निर्णय भाषाशास्त्राने केला नाही, तर कोणाची अब्रू मोलाची मानायची या सामाजिक निवाड्याने केला. ‘चोर’ हा शब्द कृती ठरला आणि ‘वेश्या’ हा शब्द केवळ आवाज ठरला, याचे कारण त्या दोन शब्दांच्या व्याकरणात शोधून सापडणार नाही.

म्हणून ‘स्लँडर’चे मराठी भाषांतर ‘बदनामी’ असे करून थांबणे पुरेसे नाही. तो शब्द एका अर्थाबरोबर एक मूल्यव्यवस्थाही वाहून आणतो, आणि ती लक्षात घेतल्याशिवाय हीरोचे मूर्च्छित पडणे किंवा डेस्डिमोनाचे निरुत्तर होणे हे केवळ नाट्यतंत्राचे भाग वाटतात. शब्द टिकतो तो कागदावर आहे म्हणून नव्हे, ऐकणारे त्याला धरून ठेवतात म्हणून. लिंच विरुद्ध नाइट खटल्यातील स्त्रीविषयी जे बोलले गेले ते कोणी लिहून ठेवले नव्हते. तरीही त्याने तिचे घर सुटले. बोलण्याच्या क्षणभंगुरतेविषयीचा कोणताही सिद्धान्त एवढ्या वस्तुस्थितीला उत्तर देण्यास बांधील आहे.